खराटीची शेंग

मामा,

तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले.

विहारासमोरच्या मंडपात जलदान विधी आटोपला आणि सरपंचांनी माइक माझ्या हातात दिला. "ज्यांच्यामुळे आपल्या गावाचं नाव जगात गेलं, त्या कॉलेजच्या मॅडम दोन शब्द बोलतील," म्हणाले. मी दोनापेक्षा बरेच जास्त बोलले. आपल्या सड्यावरच्या एका झुडपाला सकपाळमामांचं नाव आहे, जगात दुसरीकडे कुठे ते झुडूप नाही, माणूस गेला तरी दरवर्षी गणपती गेले की ते पिवळं फुलत राहील, असं बोलले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मामी पुढेच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी लावला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी माइक परत दिला तेव्हा त्यांनी मान वळवली.

असं झुडूप नाही, मामा. तुम्हाला ते माहीत होतं आणि मलाही. दोघांतला जो खरं बोलत होता तो गेला. आता जी गप्प होती तिने बोलायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय आहे ती पानाची लांबी, देठाची जाडी, असली. हे तसं लिहून भागणार नाही.

कॉलेजात तुम्हाला सगळेच मामा म्हणत. शिपाई असो की लॅब अटेंडंट, केस पिकायला लागले की आमच्याकडे त्याचा मामा होतो. त्यात माया किती आणि नाव लक्षात ठेवायचा कंटाळा किती, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. वनस्पतिशास्त्र विभागात मी लागले तेव्हा वाळवलेल्या झाडांची ती मागची खोली तुमच्या ताब्यात होती. आणलेली फांदी वर्तमानपत्रात कशी पसरायची, एखादं पान मुद्दाम उलटं का ठेवायचं, पावसाळ्यात दिवसातून दोनदा कागद कसे बदलायचे, आणि वाळल्यावर जाड कागदावर सुईदोऱ्याने ती कशी टाचायची, हे मला पदवीने शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत. तुमचा टाका देठाच्या मागे जायचा आणि पुढून दिसायचा नाही. मी टाचलेली फांदी बघून तुम्ही एकदा म्हणाला होता, "मॅडम, ही रोपटी हाय, जखम नाय."

आपण पहिल्यांदा भांडलो तेही झाडावरूनच. तुमच्या गावच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, मी एक कंद उपटत होते. तुम्ही छत्री मिटलीत आणि मध्ये धरलीत.

"किती हायत ते मोजा आधी."

"तीनच दिसतायत."

"मग एक न्या. आणि एकच असता तर फोटो काढून घरी जायचं."

मला राग आला होता. पुस्तकात लिहिलंय की नमुना मुळासकट हवा, आणि हे मला शिकवतात. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, तुमच्याच शब्दांत. कोणाचे शब्द आहेत ते मात्र कधी सांगितलं नाही. ही माझी जुनी खोड दिसते.

त्याच सड्यावर, पुढच्या एका सप्टेंबरात, ती दिसली. पाऊस ओसरला होता. कातळावर जिथे म्हणून वीतभर माती होती तिथे गवत, आणि गवतात कमरेएवढं सरळ काटकुळ्या फांद्यांचं झुडूप, टोकाला पिवळ्या फुलांचे तुरे. खुळखुळ्याच्या कुळातलं, हे तर लांबूनच कळत होतं. शेंग वाळली की आत बिया वाजतात, तो खुळखुळा. पण पान मला पुस्तकातल्यापेक्षा अरुंद वाटलं. फुलाच्या मोठ्या पाकळीवरच्या तांबड्या रेषा जरा जास्त वाटल्या. मी भिंग काढून गुडघ्यावर बसले.

"काय एवढं बगताय, मॅडम? आमची खराटी हाय ती."

"खराटी?"

"वाळली की मुळात कापायची, जुडी बांधायची. खळं झाडायला खराटा होतो. माझ्या आयशीनं गावातली निम्मी खळी झाडली असतील ह्या खराट्यानं. आमचं खळं नव्हतंच."

तुम्ही हे सहज बोललात आणि मीही सहज ऐकलं. वहीत लिहिलं ते फक्त पानाचं माप.

पान जरा अरुंद आणि रेषा जरा जास्त, यावर नवी जात उभी राहत नाही. शेंग लागते. या कुळात अर्ध्या जाती शेंगेवरूनच ओळखायच्या. म्हणून आपण त्या झुडपाच्या बुंध्याला तांबडी लोकर बांधली, आणि नोव्हेंबरात शेंगा धरल्या की परत यायचं ठरलं. फुलांची फांदी तुम्ही दाबून वाळवलीत.

नोव्हेंबरात तुमची आई गेली आणि तुम्ही रजेवर होता. मी दहा दिवस थांबायला हवं होतं. एवढंच करायला हवं होतं. पण बढतीची मुलाखत तोंडावर आली होती, माझ्या बरोबरीच्या दोघांचे शोधनिबंध छापून झाले होते, आणि माझ्या टेबलावर अर्धं वर्णन पडून होतं. मी रिक्षा करून एकटीच सड्यावर गेले. गवत कापून नेलं होतं. आंब्याच्या पेट्यांत घालायला ते जातं, तुम्हीच सांगितलं होतं. गवताबरोबर आपली लोकरही गेली होती आणि झुडूपही. कातळावर नुसते खुंट राहिले होते. पाच-सहा पावलांवर खडकाच्या खोबणीत एक झुडूप विळ्यातून वाचलं होतं. पानं झडलेली, फांद्या तशाच काटकुळ्या, शेंगांनी लगडलेलं. मी मनाशी म्हटलं, हीच. दुसरं काय असणार? मी शेंगा तोडल्या. त्यांच्यावर दाट, पिंगट केस होते. परत येताना रिक्षात माझी बोटं खाजत होती.

बोटं खाजत होती, मामा. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही रजेवरून आलात तेव्हा दाढी वाढलेली होती. मी दोन शब्द बोलले असेन तुमच्या आईबद्दल, आठवत नाही. आठवतं ते हे की मी लगेच कागद पुढे केला. फुलांची फांदी तुम्ही आधीच टाचली होती, बाजूला जागा सोडली होती. "इथे शेंगा घ्या," म्हटलं. तुम्ही सुईत दोरा ओवलात, शेंग उचललीत आणि तशीच धरून राहिलात.

"मॅडम, ही शेंग तिची नाय."

"मी स्वतः तोडून आणलीय, मामा."

"आणली असाल. पण तिची नाय. ही खाजरी हाय, हात लावून बगा. खराटीची शेंग तुळतुळीत असते. खाजऱ्या झाडाचा खराटा कोण बांधील? हातात धरवणार नाय."

आणि मी म्हणाले, "मामा, शास्त्र खराट्यावरून ठरत नाही."

या वाक्याचा मला गेली कित्येक वर्षं पत्ता ठाऊक आहे. त्या खोलीत, खिडकीकडच्या टेबलाशी, तुमच्या उजव्या हाताला. मी तिथून जाताना अजूनही टेबलाच्या दुसऱ्या बाजूने जाते.

तीन शेंगा घेतल्यात आणि टाचल्यात. टाका दिसत नाही. भिंगातून बघितलं तरी ती फांदी आणि त्या शेंगा एकाच झाडाच्या वाटतात. इतकं चांगलं काम तुम्ही त्या दिवशी करायला नको होतं.

हे पत्र उद्या दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याच्यासाठी सांगते. नवी जात जाहीर करताना एक कागद मूळ नमुना म्हणून नेमायचा असतो. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो त्या कागदाकडे जातो. जातीचं नाव त्या कागदाला बांधलेलं असतं. माझ्या कागदावर एका जुन्या, ओळखीच्या झुडपाचं फूल होतं आणि दुसऱ्या जुन्या, ओळखीच्या झुडपाची शेंग. फूल असं आणि शेंग तशी, ही जोडी जगात कुणी पाहिली नव्हती. कारण ती सुईदोऱ्याने जुळवलेली होती. ज्यांनी निबंध तपासला त्यांनी फोटो पाहिले, मी काढलेली चित्रं पाहिली, आणि अभिनंदन केलं.

मला तेव्हा माहीत होतं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की उत्तर गुळगुळीत झालंय. माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे खरं.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, मामांचं देऊ. चांगल्या मनानेच वाटलं, एवढं तरी माना. पण त्या चांगल्या मनाच्या मागे आणखी एक मन होतं. ज्याने शेंगेवर बोट ठेवलं त्याचंच नाव दिलं की तो पुन्हा बोट ठेवणार नाही, असं ते म्हणत होतं. तुमचं पूर्ण नाव, शांताराम गोविंद सकपाळ, मी पहिल्यांदा नीट लिहिलं ते त्या दिवशी, आडनावाला लॅटिन शेपूट लावण्यासाठी. क्रोटालारिया, म्हणजे खुळखुळा, आणि पुढे सकपाळी. मी कागदावर लिहून दाखवलं. तुम्ही चष्मा पुसून वाचलंत आणि हसलात.

"खराट्याला आमचं नाव. बरोबरच केलंत, मॅडम."

मीही हसले. त्या हसण्यात काय होतं ते मला कळायला फार वर्षं लागली. तुमच्या आईच्या हातातला तो खराटा दुसऱ्यांच्या खळ्यावर फिरत होता, हे तुमचं सांगून झालं होतं. आणि निबंधात मी काय लिहिलं होतं? स्थानिक नाव: आढळले नाही. स्थानिक उपयोग: माहीत नाही. खराटा म्हणजे काय उपयोग आहे, असं मला वाटलं असणार. शिवाय ज्याला गावात नाव आहे ते झाड नवं कसं दिसेल?

मग सगळं भराभर झालं. मला बढती मिळाली. गावात तुमचा सत्कार झाला. ग्रामपंचायतीने सड्याच्या वाटेवर पाटी लावली, "सकपाळ खुळखुळा, जगातील एकमेव ठिकाण". पाटीखाली तुम्ही आणि मामी उभे आहात असा फोटो माझ्याकडे आहे. मामी लाजल्यात, तुम्ही सरळ बघताय. परतताना तुम्ही मला म्हणालात, "गावच्या वाटेवर सकपाळांच्या नावाची पाटी. बापाला दाखवायला हवी होती." मला बरं वाटलं. कुणाचं काय बिघडलं, झालं ते चांगलंच झालं, असं वाटलं.

पुढच्या सप्टेंबरात तुम्हीच म्हणालात, "मॅडम, आता दहा झाडांना दोरे बांधू. पंचायतीला सांगून गवत कापणाऱ्यांना अडवू. बगू या शेंगा." नाही म्हणायला कारण नव्हतं. दर रविवारी आपण जात होतो. फुलं गळली, शेंगा धरल्या, फुगल्या. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तुम्ही दहा झाडांच्या दहा शेंगा तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरल्यात. दहाही तुळतुळीत. उन्हात चकाकत होत्या.

मी म्हणाले, "या वर्षी पाऊस वेगळा होता, मामा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "पावसानं शेंगेला केस येतात काय, मॅडम?"

उतरताना वाटेत पाटी लागली. तिच्यापाशी थांबून मी माझा हुकमी पत्ता टाकला. म्हणाले, "दुरुस्ती छापली तर तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे की."

"ही पाटी काढावी लागेल. लोक काय म्हणतील?"

तुम्ही पाटीवरची धूळ तळहाताने पुसलीत. मग म्हणालात, "लोक दोन दिस बोलतील. पण मॅडम, तो टाका मी घातलाय. तुम्ही सांगितलात म्हणून घातला, पण हात माझा. माझ्या नावाच्या झाडाला दुसऱ्याची शेंग, आणि ती मीच शिवलेली. हे मला बरं नाय वाटत."

"बघू," मी म्हटलं. "जरा थांबा. योग्य वेळ येऊ दे."

वेळ आली नाही, मामा. वेळ येत नसते, हे मला त्या दिवशीही कळत होतं. आधी बढती पक्की व्हायची होती. मग एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्या निबंधावर उभा होता. मग ती जात दुर्मिळ म्हणून कुठल्या कुठल्या याद्यांत गेली आणि आता परत फिरणं म्हणजे स्वतःच्या तोंडाला काळं फासणं, असं झालं. प्रत्येक वेळी मी तुम्हाला मात्र एकच कारण सांगितलं: तुमचं नाव जाईल. भीती माझी होती आणि ती मी तुमच्या नावाने बोलत होते. तुमचा मान पुढे करून मी मागे लपले.

तुम्ही निवृत्त झालात, तरी दरवर्षी गणपती गेले की फोन यायचा. "मॅडम, सडा फुललाय. येताय ना?" पहिली दोन-तीन वर्षं आले. मग परीक्षा, मग कमिटी, मग गुडघे. तुम्ही शेंगेचं नाव काढत नव्हता, पण मला तुमच्या "येताय ना" मध्ये ते ऐकू यायचं. यंदाही फोन आला. आवाज बसला होता. "यंदा चढवत नाय मला," म्हणालात. "तुम्ही तरी जाऊन या. फुलं बगा, आणि नोव्हेंबरात परत जा." मी "हो हो" म्हटलं, आणि तुमच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. दिवाळीआधी निरोप आला.

शोकसभेनंतर पाचव्या दिवशी मी मामींकडे गेले. बोलायचं पाठ करून गेले होते, नमुना, शेंग, वर्गीकरण. मामी पुढच्या पडवीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. तुमची लेक प्रज्ञा मुंबईला ड्युटीवर परत गेली होती, घर रिकामं होतं. मी खाली बसले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मामी, मामांच्या नावाचं जे झाड आहे ना, ते खरं नाही. चूक माझी आहे. मला ती दुरुस्त करायचीय, पण मग त्यांचं नाव निघेल. तुम्हाला विचारायला आले."

मामींचं सूप थांबलं नाही.

"मला म्हायती हाय. दर वर्षी शेंग आणून दाखवायचे. ही बग, हिच्यावर केस हायत काय? मी बोलायची, नायत. झालं. परत खिशात टाकायचे."

"मग सभेत तुम्ही..."

"सभेत तुम्ही बोललात. मी काय बोलू? एवढे लोक."

मामींनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग त्या म्हणाल्या, "ते तुमच्या पायी खोटं बोलले, ते म्हायती हाय का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

"पुण्याची, कोल्हापूरची माणसं यायची, तुमच्यासारखी शिकलेली. पाटीवरचं झाड दाखवा बोलायची. फुलं असताना हे घेऊन जायचे. पण नोव्हेंबरात कोण आला की सांगायचे, शेंगा झडल्या, आता काय दिसणार नाय. पाय दुखतो बोलायचे. एक तर दोनदा आला, त्याला वाटेतून परत लावला. घरी येऊन जेवायचे नाय. मी बोलली, आवो, सांगून टाका ना त्याला एकदाचं. तर बोलले, मॅडम सांगतील. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर त्यांचं वाटोळं होईल. त्यांचं त्यांना सांगू दे."

मी पडवीत बसून होते. मला वाटत होतं की एवढी वर्षं मी एकटीने ते झाकून ठेवलं होतं. तुम्ही माझ्या दारावर राखणीला बसला होतात, मामा, आणि मला पत्ताही नव्हता. ज्या माणसाने भर खोलीत, हातात सुई असताना, माझ्या तोंडावर खरं सांगितलं, त्याला मी उतारवयात खोटं बोलायला लावलं. बढती, निबंध, याद्या, हे सगळं एका बाजूला ठेवा. याची भरपाई मला कुठे करता येणार आहे?

"नाव काढा," मामी म्हणाल्या. "पाटी पण काढतील, काढू देत. पण ह्यांनी आधीच सांगितलं होतं, ते लिवा. नुसतं चूक झाली असं लिवू नका. ह्यांनी सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं नाय, असं लिवा."

"तसंच लिहीन."

"आणि चहा घेऊन जा. ते असते तर घेतल्याशिवाय सोडलं नसतं."

मी चहा घेतला. मामींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण कपात साखर किती घालायची ते विचारलं. तेवढ्यावर मी निघाले.

यात एक गोष्ट मामींना सांगायची राहिली, सांगवली नाही. तुम्हाला सांगते. आमच्या नियमांप्रमाणे एकदा दिलेलं नाव पुसत नाही. जात खोटी ठरली तरी ते नाव खऱ्या नावाखाली, बारीक तिरप्या अक्षरात, रद्द म्हणून कायम छापलं जातं. आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या कुठल्या झाडाला ते पुन्हा देता येत नाही. उद्या खरोखरच एखादा नवा खुळखुळा सापडला, तुम्ही दाखवलेल्या एखाद्या खोबणीत, तरी त्याला सकपाळी म्हणता येणार नाही. ते नाव मी वापरून टाकलं. मी तुम्हाला सांगत राहिले, दुरुस्ती केली की नाव जाईल. नाव जाणार नाही, मामा. ते माझ्या चुकीचं नाव म्हणून राहील, आणि पुस्तकं चाळणाऱ्या कुणाला तरी वाटेल की चूक करणारा सकपाळ नावाचा कुणी होता.

तेवढं तरी होऊ नये म्हणून दुरुस्तीच्या निबंधात मी सगळं लिहिलं आहे. फूल कुठलं, शेंग कुठली, कोणी तोडली, कोणी हटकलं, आणि कोणी ऐकलं नाही. स्थानिक नाव: खराटी. उपयोग: खळं झाडण्यासाठी, सकपाळ कुटुंबाकडून मिळालेली माहिती. संपादकांनी विचारलं आहे की एवढा व्यक्तिगत तपशील गरजेचा आहे का. मी कळवलं, आहे.

काल त्या मागच्या खोलीत गेले आणि कपाटातून आपला कागद काढला. जुन्या नमुन्यावरची ओळख चुकीची आहे असं ज्याला वाटतं, तो त्यावर आपली छोटी चिठ्ठी डकवतो. खरं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. आधीचं काही खोडायचं नसतं. तुम्ही तिथे तीस वर्षं इतरांच्या शेकडो चिठ्ठ्या डकवल्यात. तुमच्या स्वतःच्या नावाची एकही नाही, कारण अटेंडंटने चिठ्ठी लावायची नसते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी दोन चिठ्ठ्या केल्या, एक फुलाजवळ, एक शेंगेजवळ. दोन्हींवर दोन जुनी, साधी नावं लिहिली. ओळखणाऱ्याच्या जागी लिहिलं: शांताराम सकपाळ. त्याखाली बारीक अक्षरात: त्यांनी तोंडी सांगितलं ते मी लिहून घेतलं. आणि माझी सही.

तारखेपाशी हात थांबला. तुम्ही सुई हातात धरून सांगितलंत, त्या दिवसाची तारीख घालावीशी फार वाटली. पण या कागदावर आणखी एक खोटी नोंद नको. कालचीच घातली. चिठ्ठीवर मधली वर्षं दिसत नाहीत. ती मी इथे लिहिली आहेत.